बॅनर परतल्यावर लावा: एव्हरेस्टला निरोप देणाऱ्या मुंबईकरांस खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक मंडळांचे कार्यकर्ते, सोसायट्यांचे पदाधिकारी, पतपेढ्यांचे संचालक, नगरसेवक, आमदार, आणि एव्हरेस्टला निघालेल्या मुलामुलींना धनादेश देणारे माझे सगळे मुंबईकर,

स. न. वि. वि.

दर वर्षी होळी झाली की आपल्याकडे कुठे ना कुठे एक निरोप समारंभ होतो. लालबाग, विक्रोळी, ठाणे, डोंबिवली. मंडळाच्या मंडपात नाहीतर शाळेच्या सभागृहात. कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी एव्हरेस्टला निघालेली असते. शाल-श्रीफळ होतं, औक्षण होतं. आई पहिल्या रांगेत पदर सावरत बसलेली असते. हातात तिरंगा दिला जातो, त्याच्या जोडीला मंडळाचा झेंडा आणि देणगीदाराच्या नावाचं एक कापड, शिखरावर धरून फोटो काढण्यासाठी. मग पुठ्ठ्याचा मोठा चेक. बाहेर नाक्यावर बॅनर लागलेला असतो आणि त्यावर 'एव्हरेस्टवीर' हा शब्द आधीच छापलेला असतो. भाषणात एक वाक्य हमखास येतं: 'आमचा गडी माघार घेणाऱ्यातला नाही.'

हे वाक्य मी स्वतः बोललेलो आहे. माईक माझ्या हातात होता, समोर दोनशे माणसं होती, आणि ज्याच्याविषयी मी बोलत होतो त्याला कान्हेरीच्या कातळावर पहिल्यांदा दोराला मीच बांधलं होतं. चौतीस वर्षं झाली, रविवार आला की मी मुलांना कातळ चढायला शिकवतो, कधी कान्हेरीला, कधी मुंब्र्याला. 'हात धरवत नसतील तर खाली ये, कातळ पुढच्या रविवारीही इथेच आहे,' हे मी हजारदा ओरडून सांगितलं असेल. आणि त्याच मुलाला एव्हरेस्टला पाठवताना नेमकं उलटं बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही मान खाली घालून ऐकून घेतलं.

त्या संध्याकाळचं ओझं वर किती होतं, ते मला फार उशिरा कळलं. म्हणून हे लिहितोय.

माझं सांगणं एकच आहे. एव्हरेस्टवर जी माणसं प्राण गमावतात त्यातली पुष्कळशी वेळेवर मागे न वळल्यामुळे गमावतात. आणि मागे वळायची मोकळीक आपण त्यांच्याकडून इथेच, आपल्या नाक्यावर, काढून घेतलेली असते.

आधी वरचा हिशेब मांडतो. चेकवर सही करणाऱ्याला तो ठाऊक असायला हवा. शिखराची उंची ८,८४८.८६ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश. गिरगाव चौपाटीवर एका श्वासात जेवढा प्राणवायू आत जातो तेवढ्यासाठी तिथे तीन श्वास घ्यावे लागतात. ८,००० मीटरच्या वर शरीराला हवेची सवय होतच नाही. तिथे नुसतं बसून राहिलं तरी माणूस तासातासाने खंगत जातो. त्या पट्ट्याला गिर्यारोहक मृत्यूक्षेत्र म्हणतात. नेपाळच्या बाजूने जाणाऱ्यांचा शेवटचा कॅम्प साउथ कोल या खिंडीत, सुमारे ७,९०० मीटरवर असतो. रात्री आठ-नऊला निघायचं, मध्यरात्रीनंतर बाल्कनी नावाचा छोटा सपाट टप्पा, मग साउथ समिट हे मुख्य शिखराच्या जरा खालचं टोक, मग धारेवरची ती अरुंद वाट, आणि सगळं जमून आलं तर सकाळी शिखर. दुपारी दोनच्या पुढे चढायचं नाही ही जुनी रीत आहे, आणि शहाणे लोक ही वेळ आणखी अलीकडे आणतात.

पाठीवरच्या बाटलीचा हिशेब तर शाळेतल्या मुलालाही सुटेल असा आहे. चार लिटरची बाटली ३०० बार दाबाने भरली की तिच्यात सुमारे १,२०० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला दोन लिटर सोडला तर दहा तास पुरतो, चार लिटर सोडला तर पाच तास. आता चढणारे आणि उतरणारे एकाच दोरावर असतात. पुढच्याला ओलांडायचं तर दोराचा हूक सोडून, हजारो फुटांच्या उतारावर पाय टाकून ओलांडायचं. बहुतेक जण ते करत नाहीत, थांबून राहतात. असं दोन तास थांबलात तर चार लिटरच्या हिशेबाने ४८० लिटर गेले, म्हणजे बाटलीचे पाचातले दोन हिस्से एक पाऊलही न टाकता संपले. तो प्राणवायू उतरण्यासाठी राखलेला होता.

२२ मे २०१९ ला निर्मल पुर्जा या गिर्यारोहकाने काढलेला रांगेचा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. धारेवर रंगीबेरंगी जाकिटांची माळ, माणसाला माणूस चिकटलेला. त्या हंगामात नेपाळने ३८१ परवाने दिले होते आणि डोंगराच्या दोन्ही बाजू मिळून अकरा जण मरण पावले. आपल्या महाराष्ट्रातली माणसंही त्यात होती. रांगेत तासन् तास अडकून, थकून, उतरताना गेली. २०२३ मध्ये परवाने ४७८ झाले आणि मृत्यू त्याहूनही वाढले. गर्दीत माणूस कसा जातो हे मुंबईकराला समजावून सांगावं लागू नये. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले, आणि तिथे तर हवा भरपूर होती, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर होतं.

आणखी एक गोष्ट, जी डोंगरावर न गेलेल्याला सांगून पटत नाही. प्राणवायू कमी पडला की सगळ्यात आधी जाते ती निर्णयशक्ती. पाय नंतर थकतात. मी स्वतः एव्हरेस्टला गेलेलो नाही. माझी मजल सहा हजार मीटरच्या थोडी वर. तिथेसुद्धा एका सकाळी आकडा आठची गाठ, जी मी डोळे मिटून मारतो, ती मारायला मला दहा मिनिटं लागली, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या जोडीदाराने हात धरून थांबवलं. साडेआठ हजारावर तर मेंदूला सूज येऊ लागते तेव्हा माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, भलतंच बोलतो, हातमोजे काढून टाकतो, आणि विचारलं तर म्हणतो मी ठीक आहे. फुप्फुसात पाणी साचलं तर खोकताना गुलाबी फेस येतो. इंजेक्शनं असतात, गोळ्या असतात, पण त्या उतरण्यापुरता वेळ मिळवून देतात एवढंच. खरा इलाज एकच, खाली येणं. अशा डोक्याने माणसाने 'परत फिरू की पुढे जाऊ' हे ठरवायचं असतं. तेव्हा ते डोकं नवा विचार करूच शकत नाही. खाली असताना जे घट्ट बसलेलं असतं तेच ते पुन्हा पुन्हा बोलतं. आपण त्याच्या डोक्यात काय बसवून पाठवतो, हे म्हणूनच महत्त्वाचं आहे.

१९२१ ते २००६ या काळात एव्हरेस्टवर झालेल्या मृत्यूंचा डॉक्टरांनी अभ्यास केला. ८,००० मीटरच्या वर पोहोचून मरण पावलेल्या ९४ जणांपैकी ५३ जण शिखर गाठून उतरताना गेले. वर चढत असताना गेलेले फक्त ९. हा आकडा मी दर बॅचला फळ्यावर लिहितो. शिखर गाठलं म्हणजे निम्मं काम झालं, आणि तेही सोपं निम्मं.

१० मे १९९६ चा दिवस गिर्यारोहकांना पाठ असतो. न्यूझीलंडचा रॉब हॉल हा त्या काळातला नावाजलेला गाइड. त्याच्या गटात डग हॅन्सन नावाचा अमेरिकन टपाल कर्मचारी होता. आदल्या वर्षी हॉलनेच त्याला साउथ समिटजवळून परत फिरवलं होतं आणि मग पुन्हा ये म्हणून बोलावलं होतं. हॅन्सन काही श्रीमंत नव्हता. जादा काम करून त्याने पैसे साठवले, आणि त्याच्या गावच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांनी टी-शर्ट विकून त्याच्या मोहिमेला हातभार लावला. तो शिखरावर पोहोचला तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. हॉल त्याच्यासाठी थांबला. संध्याकाळी वादळ आलं. दोघेही परतले नाहीत. त्याच दिवशी तिबेटच्या बाजूने आपल्या भारत-तिबेट सीमा पोलिसांची तुकडी चढत होती. सहापैकी तिघे उशीर झाला म्हणून मागे वळले. त्सेवांग सामानला, त्सेवांग पालजोर आणि दोर्जे मोरूप पुढे गेले. मागे वळलेले तिघे जगले. त्या वादळात दोन्ही बाजू मिळून आठ जण गेले.

शाळेतल्या त्या पोरांचा काही दोष नव्हता. त्यांनी प्रेमाने टी-शर्ट विकले. पण ते टी-शर्ट माझ्या डोक्यातून जात नाहीत. हॅन्सनच्या मनात त्या शेवटच्या दोन तासांत काय होतं, हे कुणीच सांगू शकणार नाही. मला मात्र एकाच्या मनात काय होतं ते ठाऊक आहे, कारण तो परत आला.

हा आमचा मुलगा, ज्याच्या निरोपाला मी ते वाक्य बोललो तोच. नाव लिहीत नाही, त्याला नको आहे. लालबागच्या चाळीतला, वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. कान्हेरीच्या कातळावर तो सरड्यासारखा चढायचा. उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेत बेसिक आणि ॲडव्हान्स दोन्ही कोर्स चांगल्या श्रेणीत केले, दोन सहा-हजारी शिखरं केली, एक सात-हजारी केलं. तयारीत खोट नव्हती. मोहिमेला ३४ लाख लागणार होते. नऊ लाख पतपेढीचं कर्ज, जामीनदार दोन काका. आईच्या पाटल्या आणि गोठ. मंडळाने दोन लाख दिले, एका बांधकाम व्यावसायिकाने पाच, बाकी दोन-दोन, पाच-पाच हजारांच्या पावत्या. चाळीतल्या एका आजींनी पेन्शनीतले पाचशे रुपये दिले होते; त्या पावतीचा नंबरसुद्धा त्याला पाठ आहे.

मे महिन्यात एका पहाटे चारच्या सुमारास तो बाल्कनीवर, ८,४०० मीटरवर होता. डावा पाय तासाभरापासून बधिर होता. मास्कचा व्हॉल्व्ह गोठत होता, दर दहा मिनिटांनी काढून बर्फ झटकावा लागत होता. हवा छान होती, आकाश स्वच्छ होतं, वर दिव्यांची रांग दिसत होती. त्याच्या शेर्पाने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, 'भाई, नीचे.' तो खाली बसला. पंचवीस मिनिटं बसून राहिला. शेर्पा दोनदा ओरडला. मग तो उठला आणि उतरायला लागला.

त्या पंचवीस मिनिटांत काय चाललं होतं, ते त्याने मला दीड वर्षाने सांगितलं. कर्जतहून येत होतो, रात्रीची लोकल, डबा रिकामा. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, 'सर, मला तिथे नाक्यावरचा बॅनर दिसत होता. मी हाच विचार करत होतो की आता तो कोण काढणार.'

पंचवीस मिनिटं म्हणजे तेवढा प्राणवायू. तेवढं गोठणं. त्याच्या डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं पुढे कापावी लागली. ती टोकं वाऱ्याने नेली असं मी इतकी वर्षं सांगत होतो. आता मला तसं म्हणवत नाही.

विमानतळावर त्याला घ्यायला आम्ही चौघं होतो: आई, वडील, बहीण आणि मी. निरोपाला दोनशे माणसं होती. बॅनर कुणी काढला नाही; जूनच्या पावसाने फाटून खाली आला. मंडळाच्या बैठकीत कुणीतरी हिशेब मागितला. हिशेब मागायला हरकत नाही, पण विचारणाऱ्याने 'पैसे पाण्यात गेले' असे शब्द वापरले आणि कुणी त्याला अडवलं नाही. मीसुद्धा नाही. एका देणगीदाराने फोन करून विचारलं, 'मग आमच्या कापडाचा फोटो कुठला?' पुढच्या वर्षी त्याला कुठल्याच शाळेने भाषणाला बोलावलं नाही. तो अजून हप्ते फेडतो आहे. आईने मात्र तो दारात आला तेव्हा पुन्हा ताट आणलं आणि जाताना केलं होतं तसंच औक्षण केलं. त्या घरात तेवढं एक बरोबर झालं.

मित्रहो, मागे वळलेल्यांना कमी लेखायची ही रीत डोंगरावरची नव्हे. २६ मे १९५३ ला ब्रिटिश मोहिमेतले टॉम बुर्डिलाँ आणि चार्ल्स इव्हान्स साउथ समिटवर पोहोचले होते. शिखर सुमारे शंभर मीटर वर होतं, आणि तोवर जगात तिथे कुणीही उभं राहिलेलं नव्हतं. उशीर झाला होता, प्राणवायूच्या यंत्राने त्रास दिला होता. ते परत फिरले. तीन दिवसांनी, २९ मे रोजी, त्याच मोहिमेतले तेनझिंग आणि हिलरी शिखरावर गेले. दोनच वर्षांनी कांचनगंगेच्या मोहिमेचं नेतृत्व याच इव्हान्सकडे दिलं गेलं. परत फिरला म्हणून त्याच्यावर कुणी फुली मारली नाही.

आपल्या देशाचं उदाहरण तर याहून थोर आहे. १९६० साली ब्रिगेडियर ग्यान सिंग यांच्या मोहिमेत सोनम ग्यात्सो, नवांग गोंबू आणि नरेंद्र कुमार शिखराच्या दोनशे-सव्वादोनशे मीटर खालून परतले. १९६२ साली मेजर जॉन डायस यांच्या मोहिमेत सोनम ग्यात्सो, मोहन कोहली आणि हरी डांग सुमारे १३० मीटर खालून परतले. वारा सोसवेना म्हणून. १९६५ साली याच कोहलींच्या नेतृत्वाखाली भारताचे नऊ जण शिखरावर उभे राहिले. त्या नवांत सोनम ग्यात्सो होते, दोनदा परत फिरलेले. त्यांत नवांग गोंबू होते, जे दोनदा एव्हरेस्ट चढणारे जगातले पहिले ठरले. १९६० ला आणि १९६२ ला दिल्लीत कुणी 'पैसे पाण्यात गेले' म्हणून त्यांना घरी बसवलं असतं, तर १९६५ झालं नसतं. आणि त्यांनीच हट्टाने पुढे पाऊल टाकलं असतं, तर ते १९६५ पर्यंत उरलेच नसते.

मुंबईला हे परकंही नाही. दहीहंडीला आपण काय बघतो? पथकाने आठ थर लावले आणि वरचा बाळगोपाळ हात उंचावून सलामी देऊन थर एकेक करून नीट उतरले, की त्याला आपण कडक सलामी म्हणतो. थर लागले पण उतरताना कोसळले तर पथकातली जुनी माणसं मान हलवतात, त्यांना ते रुचत नाही. आणि नववा थर लागत नाही असं दिसलं तर प्रशिक्षक शिट्टी मारून पथक उतरवतो. त्याला भित्रा म्हणायची हिंमत आहे कुणाची? ज्या गल्लीला उतरण्याची इतकी कदर आहे, तिथेच आम्ही एका पोराला उतरला म्हणून तोंड लपवायला लावलं.

यातून आणखीही वाईट घडतं. २०१६ मध्ये आपल्याच राज्यातल्या एका जोडप्याने शिखराचे बनावट फोटो दिल्याचं नेपाळ सरकारने ठरवलं आणि त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. खोटेपणाला माफी नाही. पण शिखरावरच्या एका फोटोशिवाय बाकी कशालाच जिथे किंमत उरत नाही, तिथे असा फोटो तयार करण्याचा मोह होणार, हे आपणही ओळखायला हवं.

आता मागणं. पहिलं म्हणजे, पैसे देऊ नका असं मी म्हणत नाही. उलट द्या, पण विचारून द्या. कुठलं सात-हजारी शिखर केलं आहे, ते विचारा. नेपाळ सरकारनेही २०२५ मध्ये अशी अट घालणारं विधेयक मांडलं होतं. आपल्याला कायद्याची वाट बघायचं कारण नाही. शिखराच्या रात्री बाटल्या किती, त्यातल्या उतरण्यासाठी राखीव किती, मास्क आणि रेग्युलेटर जादा आहे का, ते विचारा. तुझ्याबरोबर तुझा स्वतःचा शेर्पा आहे की तिघांत एक, ते विचारा. स्वस्तात नेणारी मोहीम नेमकी इथे पैसे वाचवते. परतीची वेळ किती ठरवली आहे, ते लिहून मागा, आणि ती त्याच्या घरच्यांसमोर, मंडळाच्या सभेत, त्याच्याकडून वाचून घ्या. ज्या मुलाकडे ही उत्तरं नसतील त्याला यंदा नको, पुढच्या वर्षी म्हणा. तो रागावेल. रागावू द्या.

दुसरं, निधीचे दोन भाग करा. एक जाताना द्या. दुसरा परतीचा निधी म्हणून पतपेढीत वेगळा ठेवा, आणि शिखर न करता जो परत येईल त्याच्या कर्जाचे हप्ते त्यातून भरा. शिखर केलेल्याला पुढे पुरस्कार असतात, व्याख्यानं असतात, कुणीतरी विचारतंच. न केलेल्याच्या दारात फक्त वसुलीचा माणूस येतो. वर बाल्कनीवर बसलेल्या पोराला हे ठाऊक असू द्या की खाली उतरलो तरी काकांच्या जामिनावर गदा येणार नाही. हा एक निरोप कुठल्याही जाकिटापेक्षा जास्त ऊब देईल, असं मला अगदी मनापासून वाटतं.

कापडाच्या फोटोची अट काढून टाका. बेस कॅम्पवरचा फोटो घ्या. ५,३६४ मीटरवर तो हसू शकतो, तिथे झेंडा नीट फडकतो आणि हातमोजे काढावे लागत नाहीत.

शेर्पाविषयी थोडं. आपल्या समारंभात त्यांचं नाव कधीच येत नाही. १८ एप्रिल २०१४ ला खुंबूच्या हिमप्रपातावर, म्हणजे बेस कॅम्पच्या वरच्या तुटक्या बर्फाच्या उतारावर, बर्फाचा कडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार मरण पावले. दोर लावणं, शिड्या बसवणं, सामान वाहणं यासाठी गेलेले. आपलं पोर त्या हिमप्रपातातून मोजक्या खेपा करतं, हे लोक हंगामभर येत-जात राहतात. मोहिमेच्या खर्चात शेर्पाचा विमा किती रकमेचा आहे, हा प्रश्न देणगीदाराने विचारायलाच हवा. आणि ज्या शेर्पाने 'भाई, नीचे' म्हटलं त्याला आपण काय दिलं? आमच्या मुलाने त्याला आपलं घड्याळ दिलं. आम्ही काहीच नाही.

हेही लिहायला हवं, जरी लिहवत नसलं तरी. हेलिकॉप्टर साधारणपणे दुसऱ्या कॅम्पच्या आसपास येतं. त्याच्या वर ज्याला मरण आलं त्याला माणसांनीच खाली आणायचं असतं, आणि गोठलेल्या देहाचं वजन दुपटीने वाटतं. २०१६ मध्ये वर राहिलेल्या पश्चिम बंगालच्या गिर्यारोहकांचे देह वर्षभराने, २०१७ मध्ये, खाली आणता आले. त्या वर्षभरात त्यांच्या घरी दिवस कसे गेले असतील, याचा विचार करा. आजवर एव्हरेस्टवर तीनशेहून अधिक माणसं मरण पावली आहेत आणि त्यातली बरीचशी अजून तिथेच आहेत. एक देह आणायला अनेक शेर्पांना पुन्हा त्याच मृत्यूक्षेत्रात जीव धोक्यात घालावा लागतो. आपण निरोपाच्या भाषणात 'शिखर नाहीतर मरण' म्हणतो तेव्हा त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा खर्च कोण करतं, ते हे.

आणि बॅनर. लावा, जरूर लावा, मोठा लावा. पण तो बेस कॅम्पवर सुखरूप उतरल्याचा फोन आल्यावर लावा. शिखर झालं असो वा नसो, मजकूर तोच ठेवा. 'सुखरूप परतल्याबद्दल अभिनंदन' एवढं पुरे. निघण्याआधी 'वीर' लिहू नका. भाषण करायचंच असेल तर मी जे बोललो ते बोलू नका. त्याच्या आईला माईक द्या. ती काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे.

आमचा मुलगा सध्या माझ्या जागी रविवारी शिकवतो. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, मी खाली बसून दोर बघतो. चढायला शिकवायच्या आधी तो महिनाभर मुलांना उतरायला शिकवतो: पाय कुठे टाकायचा, दोर कसा सोडायचा, घाबरल्यावर कुणाला हाक मारायची. पहिल्या दिवशी तो बूट काढून आपला डावा पाय दाखवतो आणि काही बोलत नाही.

त्याचा सत्कार राहिला आहे. ज्या मंडळाला, ज्या सोसायटीला तो करायचा असेल, त्यांनी येत्या रविवारी सकाळी सात वाजता बोरिवलीला नॅशनल पार्कच्या गेटवर यावं. शाल नको, कान्हेरीला उकाडा असतो. त्याच्या पावत्यांची वही मी बरोबर आणीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कान्हेरीच्या कातळावरचा एक जुना शिक्षक
लालबाग, मुंबई